पडद्यावरचा लाल इशारा आणि नमुना सह्यांचं पुस्तक

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त जानेवारी २०२६ मध्ये सभागृहात झालेल्या भाषणाचा मजकूर)



समितीनं मला ‘गुंतवणूक’ हा विषय सुचवला होता. पण मुदत ठेवींचे दर आपल्याकडे माझ्यापेक्षा इतरांना जास्त पाठ आहेत. खाली बाकावर रोज संध्याकाळी तीच चर्चा असते. म्हणून मी विषय बदलून घेतला. पैसे वाढवायचे कसे ते तुम्ही जाणता. ते ज्या दारातून बाहेर जातात, त्या दाराबद्दल आज बोलतो.

कॉम्प्युटरवर बँकेचं, विजेच्या बिलाचं किंवा पेन्शनचं पान उघडायला जावं आणि मध्येच एक पांढरं पान यावं, वर लाल त्रिकोण आणि खाली इंग्रजीत ‘युवर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’. हे किती जणांनी पाहिलंय? हात वर करा. बघा, निम्म्याहून जास्त. मग काय केलंत? कोणी म्हणेल बंद केलं, कोणी म्हणेल नातवाला हाक मारली. पण मागच्या रांगेतून आत्ता जे उत्तर आलं ते सर्वांत खरं आहे : ‘खाली बारीक अक्षरात अ‍ॅडव्हान्स्ड लिहिलेलं असतं ते दाबायचं, मग प्रोसीड येतं, ते दाबलं की उघडतं.’ बरोबर, उघडतं. आजचं बोलणं त्या प्रोसीडबद्दल आहे.

मी कॉम्प्युटर इंजिनियर नाही. माझी अडतीस वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला गेली. पण या विषयाला कॉम्प्युटरपेक्षा काउंटरची अक्कल जास्त लागते, म्हणून मी बोलण्याचं धाडस करतो.

तुमच्यापैकी ज्यांनी डिमांड ड्राफ्ट काढले असतील त्यांना आठवेल. नागपूरच्या शाखेनं काढलेला ड्राफ्ट मुंबईत आमच्याकडे यायचा. त्यावर नागपूरच्या अधिकाऱ्याची सही. तो अधिकारी मी जन्मात पाहिलेला नसायचा. मग ती सही त्याचीच, हे मला कसं कळणार? त्यासाठी तिजोरीत एक पुस्तक असायचं, नमुना सह्यांचं. बँकेच्या प्रत्येक अधिकाऱ्याची सही, तिचा नंबर, सगळं छापलेलं. ड्राफ्टवरचा नंबर पाहायचा, पान काढायचं, सही ताडून बघायची आणि मग पैसे द्यायचे. कोणा अधिकाऱ्याचा अधिकार काढून घेतला की मुख्य कार्यालयाचं परिपत्रक यायचं आणि आम्ही त्या सहीवर लाल शाईनं काट मारायचो. सही जुळली नाही तर समोरचा माणूस कितीही ओळखीचा असो, कितीही घाईत असो, ड्राफ्ट बाजूला. ‘अहो साहेब, मी रोज येतो, माझी ट्रेन आहे’ हे मी हजारदा ऐकलंय. ऐकून घ्यायचं आणि पुस्तक बंद करायचं.

ब्राउझर, म्हणजे क्रोम, फायरफॉक्स, एज, जे काही तुम्ही वापरता ते, नेमकं हेच काम करतं. तुम्ही बँकेचा पत्ता टाकला की पलीकडचा कॉम्प्युटर एक दाखला पुढे करतो. त्याला सर्टिफिकेट म्हणतात. त्यावर तीन गोष्टी बघायच्या असतात : हा दाखला कोणत्या पत्त्यासाठी आहे, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत चालेल, आणि त्यावर सही कोणाची आहे. सह्या करणाऱ्या संस्था जगात ठरलेल्या आहेत आणि त्यांची यादी तुमच्या ब्राउझरमध्ये किंवा विंडोजमध्ये आधीपासून भरलेली असते. हे झालं आपलं नमुना सह्यांचं पुस्तक. डोळ्याचं पातं लवेपर्यंत ताडून पाहणं होतं आणि जुळलं तर तुम्हाला काहीच दिसत नाही, सरळ पान उघडतं. जुळलं नाही की लाल त्रिकोण.

आता कोणी म्हणेल, एचटीटीपीएस असलं की सगळं कुलूपबंद जातं ना? जातं. पाकीट सीलबंद असतं. पण पाकिटावर पत्ताच चोराचा असेल तर सीलबंद पाकीट चोरालाच नीट पोचतं, वाटेत दुसरं कोणी वाचत नाही एवढंच. म्हणून आधी ओळख पटवणं, नंतर कुलूप.

इशारे का येतात, ते आपल्याच आवारातल्या उदाहरणांनी सांगतो. मागच्या पावसाळ्यानंतर ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरवर एका सकाळी एकही पान उघडेना. इंटरनेटवाल्याला बोलावलं, त्यानं राउटर बदलायला सांगितला, तोही बदलला. पान उघडेनाच. मी जाऊन पाहिलं तर पडद्यावर लिहिलं होतं की तुमचं घड्याळ मागे आहे. कोपऱ्यातली तारीख बारा-तेरा वर्षं मागची! कॉम्प्युटरच्या आत एक चपटा गोल सेल असतो, मनगटी घड्याळातल्यासारखा पण जरा मोठा. तो संपला आणि रात्री मेन स्विच बंद केला की तारीख पुसली जाते. आजचे दाखले त्या कॉम्प्युटरच्या लेखी ‘पुढच्या तारखेचे चेक’ झाले. पुढच्या तारखेचा चेक कोण वटवणार? सेल बदलला, तारीख लावली, सगळं सुरळीत. सेलपेक्षा राउटर पुष्कळ महाग पडला. तेव्हा असा इशारा आला तर पहिलं काम म्हणजे कोपऱ्यातली तारीख आणि वर्ष बघणं. वर्षसुद्धा बघा, नुसती वेळ नाही.

दुसरं उदाहरण सीसीटीव्हीचं. आपल्या डीव्हीआरचं पान ऑफिसातून उघडलं की तोच लाल त्रिकोण रोज येतो. कारण त्या पेटीनं स्वतःचा दाखला स्वतःच सही करून घेतलेला आहे. आपण झेरॉक्सवर स्वतःच सही करून स्वसाक्षांकित प्रत देतो ना, तसं. पेटी आपलीच, वायर आपलीच, भिंतीच्या पलीकडे ठेवलेली. तिथं प्रोसीड दाबण्यात मोठा धोका नाही. धोका वेगळाच आहे. जो माणूस रोज सकाळी डीव्हीआरसाठी प्रोसीड दाबतो, त्याच्या बोटाला सवय लागते. लाल त्रिकोण म्हणजे डास, हातानं उडवायचा. आणि त्याच खुर्चीत बसून, त्याच कॉम्प्युटरवरून आपण पाण्याचं बिल भरतो, लिफ्टच्या कंपनीचे पैसे पाठवतो, वॉचमनचे पगार करतो. पंचवीस वर्षांचा सिंकिंग फंड ज्या खात्यात आहे, त्याचं दार त्या कॉम्प्युटरवर आहे. मी समितीला सुचवलं आहे की डीव्हीआर दुसऱ्या, जुन्या मशीनवर बघावा आणि बँकेच्या मशीनवर प्रोसीड हे बटण कोणी म्हणजे कोणीही दाबू नये. समितीनं अजून ठराव केलेला नाही. आज इथं सगळे आहेत म्हणून मुद्दाम बोललो.

तिसरं, मुदत संपलेला दाखला. हा सर्वांत जास्त दिसतो. आम्ही त्याला शिळा चेक म्हणायचो. १ एप्रिल २०१२ पासून रिझर्व्ह बँकेनं चेक आणि ड्राफ्टची मुदत सहा महिन्यांवरून तीन महिन्यांवर आणली, तेव्हा लोकांनी किती आरडाओरडा केला होता! दाखल्यांचंही तेच चाललंय. पूर्वी एक दाखला जास्तीत जास्त ३९८ दिवस चालायचा. १५ मार्च २०२६ पासून तो २०० दिवसांवर येतो, २०२७ मध्ये १०० आणि २०२९ मध्ये अवघा ४७ दिवसांवर. मुदत जितकी कमी, तितका चोरीला गेलेला दाखला कमी दिवस उपयोगी, हा त्यामागचा विचार. ज्यांच्याकडे नूतनीकरण आपोआप होतं त्यांना फरक नाही. जिथं ते काम कोणा एका माणसाच्या आठवणीवर आहे, तिथं विसर पडणार आणि आपल्याला इशारे दिसणार. बहुतेक वेळा हा निव्वळ ढिसाळपणा असतो. तरी मी म्हणेन, थांबा. दुपारपर्यंत त्यांच्याही लक्षात येतं. ओळखीच्या खातेदाराचा शिळा चेकसुद्धा आम्ही परतच करायचो. तो काही चोर आहे म्हणून नव्हे.

चौथं, नाव न जुळणं. स्टेशनवर, हॉस्पिटलात, विमानतळावर फुकटचं वाय-फाय घेतलं की हे हमखास होतं. मुंबई सेंट्रलला जानेवारी २०१६ मध्ये रेल्वेचं फुकट वाय-फाय सुरू झालं, तेव्हापासून आपल्याला त्याची चटक लागली. तुम्ही मागता बँकेचं पान आणि मध्ये येतं वाय-फायवाल्याचं लॉगिनचं पान. ब्राउझर म्हणतो, मागितलं एक आणि दाखला दुसऱ्याचा. पुष्कळदा हे निरुपद्रवी असतं. पण मध्ये बसून तुमचं बोलणं ऐकणारा चोरही अगदी असाच दिसतो, आणि बाहेरून तुम्हा-आम्हाला फरक कळत नाही. तेव्हा चेंबूर स्टेशनच्या फलाटावर बसून बातम्या वाचा. बँकेचं काम आपल्या मोबाइलच्या डेटावर किंवा घरी.

आता तुम्ही म्हणाल, काका, हे सगळे साधे प्रकार झाले, खरोखर चोरी झाल्याचं उदाहरण सांगा. दोन सांगतो. एक परदेशातलं, एक आपलंच.

नेदरलँड्समध्ये डिजिनोटार नावाची दाखले देणारी कंपनी होती. २०११ मध्ये तिच्या यंत्रणेत चोर घुसले आणि त्यांनी थेट गूगलच्या नावाचा दाखला छापून घेतला. सही खरी, पुस्तकात असलेली, माणूस खोटा. तो दाखला वापरून इराणमधल्या लोकांचं जीमेल मध्येच वाचलं जात होतं. नंतरच्या चौकशीत सुमारे तीन लाख इंटरनेट पत्ते सापडले. हे उघडकीला कसं आलं? क्रोमला गूगलच्या दाखल्यांची जास्तीची माहिती होती, म्हणून तिथल्या एका वापरणाऱ्याला त्यानं इशारा दाखवला. त्या माणसानं तो उडवून लावला नाही. हे काय आहे, असं त्यानं गूगलला जाहीरपणे विचारलं. त्यानंतर काही दिवसांतच सगळ्या ब्राउझरांनी त्या कंपनीच्या सहीवर लाल काट मारली आणि त्याच सप्टेंबरमध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. मला ही गोष्ट फार आवडते. एक माणूस प्रोसीड दाबण्याऐवजी थांबला, एवढंच.

आता आपलं. माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० रोजी लागू झाला, म्हणजे तो आणि आपली सोसायटी एकाच वर्षाचे. त्या कायद्याखाली दाखले देणाऱ्या संस्थांवर देखरेख करायला एक कंट्रोलर नेमलेला असतो. त्याच्या सहीखाली दिल्लीच्या नॅशनल इन्फर्मेटिक्स सेंटरला, एनआयसीला, दाखले द्यायचा अधिकार होता. २ जुलै २०१४ रोजी गूगलच्या लक्षात आलं, की आपल्या पत्त्यांच्या नावानं एनआयसीच्या सहीचे दाखले निघाले आहेत आणि ते आपण कधी मागितलेच नव्हते! आपल्या कंट्रोलरची सही विंडोजच्या पुस्तकात होती, त्यामुळे विंडोजवर चालणारे बरेचसे प्रोग्रॅम हे दाखले खरे मानून गेले असते. फायरफॉक्सचं पुस्तक वेगळं, त्यात ही सही नव्हती, म्हणून तो वाचला. दुसऱ्याच दिवशी, ३ जुलैला, कंट्रोलरनं एनआयसीचे ते अधिकार रद्द केले. चौकशीत एनआयसीची दाखले देण्याची पद्धतच भेदली गेल्याचं कळलं. चार दाखले चुकीचे निघाले, असं सांगण्यात आलं. गूगलचं म्हणणं पडलं, की आम्हाला त्याहून जास्त ठाऊक आहेत. मग क्रोमनं भारताच्या या सहीवर मर्यादा घातली : गव्ह डॉट इन, एनआयसी डॉट इन, रिझर्व्ह बँकेचा पत्ता अशा मोजक्या ठिकाणांपुरतीच ती मानली जाईल.

बँकेच्या भाषेत सांगायचं तर एका अधिकाऱ्याची ‘पाच लाखांपर्यंत’ असलेली सही ‘पाच हजारांपर्यंत’ केली. आपल्या देशाच्या बाबतीत हे वाचून वाईट वाटलं, पण व्यवहार म्हणून बरोबरच होतं. पुस्तक ठेवणाऱ्यानं कोणाची भीड धरायची नसते.

काही पानांवर तुम्ही पाहिलं असेल, अ‍ॅडव्हान्स्ड दाबलं तरी प्रोसीड येतच नाही. मग लोक चिडतात, दुसरा ब्राउझर काढतात, जुना फोन काढतात. चिडू नका. त्या पत्त्याच्या मालकानं ब्राउझरला आधीच बजावलेलं असतं, की माझ्या दाखल्यात खोट दिसली तर कोणालाही आत सोडायचं नाही. बऱ्याच बँकांनी हे केलेलं आहे. ती तुमचीच सोय.

इथपर्यंत इशारा आला तर काय, हे झालं. इशारा नाही आला तर? इथं मला जरा जोर देऊन सांगायचंय. इशारा न येणं म्हणजे पान प्रामाणिक असणं, असं मुळीच नाही. २०१५ पासून असे दाखले फुकट आणि काही मिनिटांत मिळतात. सोय चांगली, पण ती चोरालाही आहे. त्यानं स्वतःच्या पत्त्याचा दाखला घेतला तर तो शंभर टक्के खरा दाखला असतो. लोक कुलूप बघून फसायला लागले, म्हणून क्रोमनं सप्टेंबर २०२३ मध्ये पत्त्याशेजारचं कुलपाचं चित्रच काढून टाकलं. दाखला एवढंच सांगतो, की वर जो पत्ता लिहिलाय तिथंच तुम्ही पोचला आहात. तो पत्ता तुमच्या बँकेचा आहे की नाही, हे वाचायचं काम आपलं.

आणि पत्ता शेवटाकडून वाचायचा. पोस्टात पत्र आलं की आधी काय बघतात? पिन कोड. ४०००७१ दिसला की चेंबूर, मग रस्ता, मग इमारत. इंटरनेटचा पत्ताही तसाच, पहिल्या तिरप्या रेषेच्या आधीचं शेवटचं टोक सर्वांत महत्त्वाचं. रिझर्व्ह बँकेनं आता एक चांगली गोष्ट केली आहे. सगळ्या बँकांनी, त्यात आपल्या सहकारी बँकाही आल्या, ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपले पत्ते ‘डॉट बँक डॉट इन’वर न्यायचे, असं सांगितलं. हैदराबादची आयडीआरबीटी ही रिझर्व्ह बँकेनंच स्थापन केलेली संस्था. फक्त तीच हे पत्ते देते आणि फक्त बँकांना देते. उद्या कोणी भामट्यानं मागितला तर मिळणार नाही. मात्र ‘बँक डॉट इन’ हे शब्द शेवटी हवेत. मध्ये ‘बँक डॉट इन’ आणि त्यापुढे आणखी काहीतरी ‘डॉट कॉम’ असेल, तर तो माणूस पिन कोड खोटा टाकून फक्त इमारतीचं नाव खरं लिहितोय.

पैसे गेलेच तर काय, हेही बँकवाला म्हणून सांगून ठेवतो. रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात असं ठरवलं होतं. चूक तुमची नाही, बँकेचीही नाही, तिसऱ्याच कोणाची आहे आणि तुम्ही तीन कामाच्या दिवसांत बँकेला कळवलंत, तर तुमची जबाबदारी शून्य. पण तुमच्या निष्काळजीपणानं, पासवर्ड वगैरे दिल्यामुळे, नुकसान झालं असेल तर कळवेपर्यंतचं सगळं नुकसान तुमचं. आता विचार करा, लाल त्रिकोण ओलांडून, प्रोसीड दाबून, पुढे पासवर्ड घातला असेल तर समोरचा अधिकारी त्याला काय म्हणेल? मी त्या खुर्चीत असतो तर मलाही तुमची बाजू घेणं जड गेलं असतं.

भाषणानंतर काही प्रश्न आले. स्मरणिकेसाठी त्यातले तीन इथे देतो.

सी विंगमधल्या एका वहिनींनी विचारलं, की मुलीनं बऱ्याच वर्षांपूर्वी अमेरिकेहून पाठवलेल्या टॅबवर पुष्कळ ठिकाणी इशारा येतो. वहिनी, त्या टॅबचं नमुना सह्यांचं पुस्तक जुनं झालंय. ३० सप्टेंबर २०२१ ला एका फार वापरात असलेल्या मूळ सहीची मुदत संपली आणि तेव्हापासून पुष्कळ जुनी यंत्रं अशी कुरकुर करतात. कंपनी नवीन पुस्तक पाठवत नाही. त्यावर नातवंडांचे फोटो बघा, बँक नको. विंडोज ७ असलेल्या कॉम्प्युटरलाही हाच नियम, क्रोमनं २०२३ सालापासून त्याला नवी आवृत्ती देणं बंद केलंय.

दुसरा प्रश्न होता, सरकारी पानावर इशारा आला तर? सरकार तर आपलंच. सरकार आपलं, पण पान सरकारचं आहे की नाही, हेच तर त्या क्षणी कळत नसतं. तिथं आधार नंबर, पॅन, पासवर्ड काही टाकू नका, फाईलही उतरवून घेऊ नका. एक-दोन दिवसांनी पुन्हा बघा, शेवटची तारीख असेल तर त्या कार्यालयात फोन करा.

तिसरा प्रश्न एका गृहस्थांनी बाजूला येऊन हळू आवाजात विचारला, म्हणून तो कोणाचा ते लिहीत नाही. प्रोसीडही दाबलं, पासवर्डही घातला, आता काय? त्यांना सांगितलं तेच इथं लिहितो. दुसऱ्या, चांगल्या यंत्रावरून ताबडतोब पासवर्ड बदलायचा. बँकेला फोन करायचा, तोही पासबुकावर किंवा कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरावर. गूगलवर शोधून मिळालेल्या नंबरावर नाही. पैसे गेले असतील तर १९३० हा सायबर गुन्ह्यांचा नंबर लावायचा, दिवस-रात्र न बघता, आणि तक्रारीचा नंबर लिहून ठेवायचा. ते गृहस्थ माझ्यासमोरच घरी गेले आणि वीस मिनिटांनी पासवर्ड बदलून परत आले, तेव्हा चहा संपला होता, पण तिळगूळ शिल्लक होता.

दर रविवारी सकाळी दहा ते अकरा मी ऑफिसात बसतो. इशारा आला तर त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढा, पान बंद करा आणि फोटो घेऊन या. कॉम्प्युटरचा सेल बदलायचा असेल तर ऑफिसात दोन जादा आणून ठेवलेत.